कुरकुर आणि वंगण: कसारा घाटातील एका आवाजाचा इतिहास

मराठीत वंगण न मिळालेल्या चाकाच्या आवाजाला आणि असंतुष्ट माणसाच्या बोलण्याला कुरकुर हा एकच शब्द आहे, आणि चाकाची कुरकुर थांबवणारे वंगण कचेरीत अडलेल्या कागदालाही लागू पडते, हे कोणत्याही मराठी वाचकाला शब्दकोश न उघडता ठाऊक असते. वंगण, किंवा जुन्या बोलीतले ओंगण, हा शब्द भाषेने बैलगाडीकडून घेतला आणि बैलगाडी रस्त्यावरून जवळजवळ नाहीशी झाल्यावरही तो सोडला नाही. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील कसारा हे गाव या शब्दाचा आणि त्यामागच्या कामाचा इतिहास तपासण्यास विशेष सोयीचे आहे, कारण सह्याद्रीच्या पायथ्याशी, थळ, म्हणजेच कसारा, घाटाच्या तोंडाशी वसलेल्या या ठिकाणी बैलगाडी, आगगाडी आणि मोटार या तिन्ही वाहनांना एकाच कारणासाठी थांबावे लागले: पुढे चढ होता आणि वळणे होती.

वळण घेताना चाकाच्या आसपास उठणाऱ्या आवाजाचे भौतिक कारण तिन्ही वाहनांत सारखेच आहे. दोन पृष्ठभाग एकमेकांवरून सरकताना त्यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर नसेल, तर ते सलग सरकत नाहीत; क्षणभर चिकटतात, ताण वाढला की सुटतात आणि पुन्हा चिकटतात, आणि हे चिकटणे-सुटणे सेकंदाला शेकडो वेळा घडू लागले की त्याचा सूर होतो. सारंगीच्या गजाला राळ लावतात ती नेमके हेच घडावे म्हणून, आणि आसाला वंगण लावतात ते हेच घडू नये म्हणून. या अर्थाने कुरकुर हा वाहनाच्या अंगी असलेला दोष नव्हे, ती एक सूचना आहे. मात्र ही सूचना कोणाला उद्देशून आहे आणि ती ऐकून नेमके काय करायचे, याचे उत्तर कसाऱ्याच्या वाटेवर गेल्या दोन शतकांत पार बदलले.

चाक येण्यापूर्वीच्या काळात या वाटांवर हा आवाज नव्हताच. कोकणातील बंदरांना देशाशी जोडणारा या भागातील सर्वांत प्रसिद्ध प्राचीन मार्ग म्हणजे मुरबाड तालुक्यातून जुन्नरकडे चढणारा नाणेघाट. त्याच्या माथ्यावरच्या लेण्यातील सातवाहनकालीन शिलालेख आणि जकातीची नाणी टाकण्याचा म्हणून परंपरेने दाखवला जाणारा दगडी रांजण सर्वपरिचित आहेत. मात्र तो मार्ग खडकात खोदलेल्या पायऱ्यांचा आणि चिंचोळ्या घळीचा आहे, म्हणजे त्यावरून माल जात असे तो बैलांच्या पाठीवर, गोण्यांत भरून. पुढील काळात लमाण आणि वंजारी तांड्यांनी हीच पद्धत चालू ठेवली. पाठीवर ओझे घेतलेल्या बैलाला वळण घेण्यासाठी आस लागत नाही, आणि आस नाही तेथे वंगणही नाही. तांड्याची चाहूल लागे ती बैलांच्या गळ्यातल्या घंटांनी. व्यापाराचा मोठेपणा आणि चाकाचा वापर या दोन गोष्टी हातात हात घालून चालतात, असे गृहीत धरणाऱ्यांनी नाणेघाट एकदा चढून पाहावा.

चाकाची गाडी घाटात नियमाने येऊ लागली ती एकोणिसाव्या शतकात, मुंबई-आग्रा रस्त्याची बांधणी झाल्यावर. त्याच सुमारास खुद्द गाडीतही बदल झाला. देशावरच्या जुन्या गाड्यांची चाके दगडाची किंवा अखंड लाकडाची, बोजड असत. १८३० च्या दशकात सोलापूरच्या बाजूला टेंभुर्णी येथे लेफ्टनंट गेसफर्ड या अधिकाऱ्याने आऱ्यांच्या चाकांच्या हलक्या गाड्या बनवण्याचा कारखाना काढला आणि तशा गाड्यांचा प्रसार वाढला. या नव्या गाडीच्या चाकात मधोमध तुंबा, त्यातून बाहेर पसरलेले आरे, कडेला लोखंडी धाव आणि तुंब्यातून आरपार जाणारा लोखंडी आस अशी रचना होती. चाक आसावरून निसटू नये म्हणून टोकाला खीळ ठोकलेली असे. दोन्ही चाके आपापल्या परीने फिरत असल्यामुळे वळणावर बाहेरचे चाक जास्त आणि आतले कमी फिरू शके, त्यामुळे दुचाकी बैलगाडीला सुकाणूसारख्या वेगळ्या यंत्रणेची गरज पडली नाही. बैल वळले की गाडी वळे. पण वळताना तुंबा आसावर आडवा रेटला जाई, त्याची कड खिळीवर किंवा आसाच्या खांद्यावर घासे, आणि सरळ रस्त्यावर गप्प असलेली गाडी वळणावर करकरू लागे.

यावरचा उपाय गाडीबरोबरच फिरत असे. गाडीच्या साट्याखाली बांबूचे एक नळकांडे टांगलेले असे आणि त्यात एरंडेल, करंजाचे किंवा हाताशी असेल ते तेल आणि त्यात मुरलेल्या चिंध्या किंवा तागाचे बोळे असत. घाटापूर्वीच्या मुक्कामात गाडीवान खीळ काढी, जू टेकवून गाडी एका बाजूला कलती करी, चाक चार बोटे बाहेर ओढी आणि काळाकुट्ट झालेला बोळा आसावर फिरवी. सगळे काम अर्ध्या घटकेचे असे, पण ते दररोजचे होते. महत्त्वाची गोष्ट अशी की येथे निदान आणि उपाय यांत अंतर नव्हते: कुरकुर आली याचा अर्थ वंगण संपले, आणि वंगण घातले की कुरकुर गेली. झिजलेला आस आणि कोरडा आस यांतला फरकही गाडीवानाच्या हाताला कळे, कारण चाक हलवून पाहिले की झिजलेल्या आसावर ते डुलत असे. शहापूर आणि मुरबाडच्या रानात करंजाची झाडे मुबलक असल्यामुळे तेलासाठी दूरच्या बाजारावर अवलंबून राहावे लागत नसे, ही बाबही या व्यवस्थेच्या टिकाऊपणाला कारणीभूत मानली पाहिजे.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १८६१ च्या प्रारंभी कसाऱ्यापर्यंत आला आणि घाट चढून इगतपुरीला पोहोचण्यास १ जानेवारी १८६५ उजाडले. मधली चार वर्षे कसारा हे घाटाखालचे शेवटचे स्थानक होते, आणि ही चार वर्षे नेमकी अमेरिकेतील यादवी युद्धाची, म्हणजे मुंबईच्या कापूस-तेजीची वर्षे होती. घाटावरून येणारा माल बैलगाड्यांतून उतरवून येथे आगगाडीत चढवावा लागे. एका बाजूला तेलाचे नळकांडे आणि दुसऱ्या बाजूला वाघिणीच्या चाकाशेजारची आसपेटी, म्हणजे आसाचे टोक ज्यात फिरते ती तेल आणि सुताच्या गुंत्याने भरलेली लोखंडी पेटी, ही वंगणाची दोन युगे त्या काळी एकाच आवारात उभी होती. दोन्हींचे तत्त्व एकच, भिजलेला बोळा आसाला टेकून राहणे. फरक एवढाच की आगगाडीत ते काम मालकाचे न राहता पगारी तेलवाल्याचे झाले. पेटी कोरडी पडली तर आगगाडीचा आस करकरण्यावर थांबत नसे, तो तापून धुमसू लागे, आणि रेल्वेच्या बोलीत त्याला हॉट अ‍ॅक्सल हे नाव मिळाले.

थळ घाटातील रेल्वेचा सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांना १ फूट असा आहे, आणि तो चढण्यासाठी गाडीला मागून जोर देणारी जादा इंजिने, म्हणजे बँकर, कसाऱ्यात जोडण्याची पद्धत अजूनही चालू आहे. वळणाच्या दृष्टीने आगगाडीची अडचण बैलगाडीपेक्षा मोठी आहे, कारण तिची दोन्ही चाके आसाला घट्ट बसवलेली असतात आणि एकाच गतीने फिरतात. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचे असते. चाकांचा किंचित निमुळता आकार हा फरक काही अंशी भरून काढतो, पण वळण आखूड असले की चाक रुळावर घसरते, त्याची कड बाहेरच्या रुळाच्या आतल्या अंगाला घासते आणि दरीभर ऐकू जाणारी किंकाळी उठते. म्हणून बाहेरच्या रुळाच्या आतल्या कडेला ग्रीस लावतात, मात्र ते रुळाच्या माथ्यावर जाऊ न देण्याची दक्षता घ्यावी लागते, कारण चढावर इंजिनाची पकड सुटली तर सगळी गाडीच अडते. उलट पकड वाढवण्यासाठी माथ्यावर इंजिनातून वाळू सोडतात. एकाच रुळाच्या कडेला तेल आणि माथ्यावर वाळू, असा हा व्यवहार आहे. १९३० च्या सुमारास घाटात विजेवर चालणारी इंजिने आली तेव्हाही वळणाचाच विचार प्रथम झाला होता: स्वित्झर्लंडमधील विंटरथूर येथे ज्यांची बांधणी सुरू झाली, ती मालगाडीची इंजिने मधल्या भागाला दोन्हीकडे बिजागरीसारखे सांधे असलेली, वळणावर अंग दुमडणारी होती. रेल्वेच्या माणसांनी त्यांचे नाव ठेवले खेकडा, आणि कारखान्याने दिलेल्या कोणत्याही क्रमांकापेक्षा ते अधिक टिकले.

मोटारीपुढचा प्रश्न निराळा होता, कारण तिला चार चाके आहेत आणि पुढे ओढणारे जनावर नाही. चारचाकी घोडागाडीत पुढचा संपूर्ण आस मधल्या एका खिळीवर फिरवत, पण तसे केल्यास गाडी वळताना कलंडण्याचा धोका असे. म्युनिकच्या लँकेनस्पर्गर या गाडीकाराने दोन्ही चाके आपापल्या उभ्या खिळीवर फिरवणारी आणि त्यांना दांड्याने जोडणारी रचना शोधली, आणि तिचे इंग्लंडमधील पेटंट १८१८ मध्ये रुडॉल्फ अकरमन याने घेतले. नाव राहिले ते पेटंट घेणाऱ्याचे. या रचनेत वळणाच्या आतले चाक बाहेरच्यापेक्षा अधिक कोनात वळते, त्यामुळे टायर फरफटत नाहीत. मात्र तिच्यामुळे आवाज करू शकणाऱ्या जागा एकदम वाढल्या: दोन उभ्या खिळा, ज्यांना गॅरेजमध्ये किंग पिन म्हणतात, दोन्ही चाकांना जोडणाऱ्या दांड्याची, म्हणजे टाय रॉडची, दोन टोके, आणि चालकाच्या हातातील चाकापासून खाली येणारा दांडा व त्याचे सांधे. बैलगाडीत वळण्याचे काम बैलांच्या मानेत होते, मोटारीत ते लोखंडात आले.

स्वातंत्र्यानंतरच्या तीन-साडेतीन दशकांत आग्रा रस्त्यावर धावणाऱ्या महिंद्राच्या जीप, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातील फियाट, १९५८ पासूनची अ‍ॅम्बॅसडर आणि १९५४ नंतरचे टाटा-मर्सिडीजचे ट्रक या वाहनांच्या सांध्यांवर बारीक पितळी किंवा पोलादी बोंडे असत. त्यांना ग्रीस निप्पल म्हणतात. आत एक छोटी गोळी आणि स्प्रिंग असते, ग्रीस गनच्या दाबाने गोळी मागे सरते, ग्रीस आत जाते आणि दाब सुटला की वाट आपोआप बंद होते. या बोंडाचे आज सर्वत्र दिसणारे रूप ऑस्कर झर्क याच्या १९२९ च्या पेटंटाने रूढ झाले. ग्रीस म्हणजे तेलाला एका प्रकारच्या साबणाने दिलेला घट्टपणा, जेणेकरून ते सांध्यातून ओघळून जाऊ नये. एरंडेलात मुरलेल्या चिंध्यांचे काम तो साबण करतो. ट्रकवरच्या क्लीनरचे नाव साफसफाईवरून पडले असले, तरी त्याची खरी जबाबदारी दोन कामांची होती, घाटात गाडी थांबली की चाकाला उटी, म्हणजे अडणीचा दगड, लावणे आणि पायथ्याशी गाडीखाली शिरून एकेका निप्पलला ग्रीस मारणे. सांध्याच्या कडेने जुने काळे ग्रीस बाहेर पडून त्यामागून ताजे पिवळे दिसू लागले की तो सांधा भरला. हे पाहण्यासाठी शिक्षण लागत नसे, फक्त गाडीखाली उताणे पडण्याची तयारी लागे. सारांश, या टप्प्यापर्यंत गाडीवानाचा जुना नियम तसाच लागू होता आणि बांबूच्या नळकांड्याची जागा ग्रीस गनने घेतली होती, एवढेच.

नियम मोडला तो डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० पासून, आणि नंतरच्या प्रत्येक छोट्या मोटारीने तो अधिकच मोडला. या गाडीच्या पुढच्या चाकांना अर्ल मॅकफर्सन याने विसाव्या शतकाच्या मध्यास विकसित केलेला स्ट्रट होता, म्हणजे स्प्रिंग आणि धक्के शोषणारा शॉकअप एकत्र करून उभा केलेला खांब. त्याचे वरचे टोक बॉनेटखालच्या पत्र्यात रबरी माउंटवर टेकते आणि चाक वळले की खांब स्प्रिंगसकट तेथील छोट्या बेअरिंगवर फिरतो. किंग पिन गेली आणि खाली आला बॉल जॉइंट, वाटीत बसलेला पोलादी गोळा, ज्यात कारखान्यातच ग्रीस भरून वर रबरी टोपी, म्हणजे बूट, चढवलेला असतो. निप्पल नाही, म्हणून ग्रीस मारण्याची जागाच नाही. वंगण आता जन्मभराचे मानले गेले, फक्त हा जन्म सांध्याचा, गाडीचा किंवा मालकाचा नव्हे, हे ग्राहकाला उशिरा कळले. त्यामुळे कुरकुरीचा अर्थही उलटला: पूर्वी ती वंगण घाला असे सांगे, आता ती सांगते की वंगण ज्याच्या आत होते ते आवरण फाटले आहे आणि तो भाग बदलण्याची वेळ आली आहे. उपाय सोपा झाला, निदान अवघड झाले.

या बदलाचा परिणाम कसाऱ्यात विशेष जाणवतो, कारण मुंबईपासून सुमारे १२१ किलोमीटरवर येथे लोकल गाडी संपते आणि नाशिकला जाणारे प्रवासी स्थानकाबाहेरील शेअर टॅक्सीत बसतात. दिवसातून अनेकदा घाट चढणाऱ्या-उतरणाऱ्या या गाड्यांचे स्टिअरिंग सपाटीवरच्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त फिरते, आणि शिवाय पाऊस असतो. वरच्या इगतपुरीला वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि चिखलाचे पाणी फाटलेल्या बुटातून आत शिरले की ग्रीस पांढुरके होऊन धुऊन जाते. गंमत अशी की पावसाळ्यात आवाज येत नाही, कारण ओले रबर सहज सरकते. तो उमटतो आश्विनाच्या उन्हात, सगळे सुकल्यावर, आणि चालकाची समजूत होते की बिघाड आत्ताच झाला.

अशा आवाजाचे निदान करण्याची गॅरेजमधली रीत लिखित स्वरूपात फारशी आढळत नाही, पण तिचा क्रम पक्का आहे. प्रथम गाडी उभी ठेवून, इंजिन बंद असताना स्टिअरिंग शक्य तेवढे दोन्ही बाजूंना फिरवतात. तरीही आवाज आला तर पॉवर स्टिअरिंगचा पंप आणि त्याचा पट्टा निर्दोष ठरतात; इंजिन चालू केल्यावरच आवाज येत असेल, तर सैल पट्टा चिरकतो आणि पंपातले तेल कमी झाले असेल तर तो घुमल्यासारखा कण्हतो, असा फरक कानाने करतात. विजेच्या मोटरवर चालणाऱ्या आजच्या पॉवर स्टिअरिंगमध्ये ना तो पट्टा आहे ना ते तेल, म्हणून नव्या गाडीत संशयितांची संख्या एवढी तरी कमी होते. मग एक जण स्टिअरिंग फिरवतो आणि दुसरा बॉनेट उघडून स्प्रिंगवर तळहात ठेवतो: वरचे बेअरिंग कोरडे असेल तर स्प्रिंग सलग न फिरता अडते आणि झटक्याने सुटते, आणि तो झटका आवाजाआधी हाताला लागतो. आवाज आतून, पायांजवळून येत असेल तर स्टिअरिंगचा दांडा जेथे पत्र्यातून बाहेर जातो तेथील रबरी बूट सुकलेला असतो, आणि येथे थोडे सिलिकॉनचे ग्रीस पुरते. इंजिन ऑइल लावले तर आवाज त्या दिवशी जातो आणि रबर फुगून लवकरच फाटते. खालच्या बाजूचा संशय असेल तर जुने मिस्त्री एकेका रबरावर पाण्याची धार सोडतात, आणि ज्यावर पाणी पडताच कुरकुर थांबते तो भाग दोषी. चाके पूर्ण वळवून गाडी हळू चालवताना टकटक असा तुटक आवाज आला, तर तो या कुळातला नव्हे, तो पुढच्या चाकांना शक्ती पोहोचवणाऱ्या आसाच्या सांध्याचा असतो.

या सर्वांत प्राधान्य बॉल जॉइंटला देतात, आणि ते योग्य आहे. माउंट किंवा बूट करकरला तर कानाला त्रास होतो, पण गोळा वाटीतून निसटला तर पुढचे चाक आडवे होऊन गाडीचा ताबा सुटतो. घाटाच्या उतारावर या फरकाची किंमत मोजण्यास उसंत मिळत नाही. म्हणून चाक जमिनीवरून उचलून, गाडी टेकूवर पक्की बसवून, चाकाला वरखाली धरून हलवून पाहतात, आणि ते डुलले तर आवाज असो वा नसो, सांधा बदलतात. टेंभुर्णीच्या गाड्यांचे आस तपासणाऱ्यांचे हातही हेच करत होते.

५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला, आणि सुमारे ८ किलोमीटर लांबीच्या जुळ्या बोगद्याने कसारा घाटाला प्रथमच खरा पर्याय मिळाला. त्या बोगद्यात स्टिअरिंग जवळजवळ फिरवावेच लागत नाही. घाटाच्या पहिल्याच वळणावर बोलला असता असा कोरडा माउंट तेथे गप्प राहतो, आणि त्याची कुरकुर ऐकू येते ती महामार्ग सोडल्यावर, कुठल्यातरी आवारात गाडी मागेपुढे करून लावताना.